फोनचा आकडा आणि मिश्रीची डबी

मुलाने काही विषारी गिळले, की अमेरिकेतली आई विषबाधा केंद्राला फोन करते. ई-सिगारेटपायी सप्टेंबर २०१० मध्ये असा एकच फोन आला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये २१५ आले. निम्म्याहून अधिक प्रकरणे पाच वर्षांखालच्या मुलांची! कडक कायदा हवा म्हणणाऱ्यांनी हाच आकडा पुढे केला. विरोधक म्हणाले, फोन आला म्हणजे विषबाधा झालीच असे नाही. तेही खरेच. पण २०१६ मध्ये तिथे मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणाचा कायदा झाला.

आपल्याकडे २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदीच आली. म्हणून सातारा-सांगलीकडच्या भगिनींनी निर्धास्त राहावे का? अहो, मोरीच्या फळीवरच्या मिश्रीतही तेच निकोटिन! रांगत्या पोराने ती तोंडात घातली, की घरातच मीठपाणी पाजायचे, फोन करायचा नाही. मग नोंद होणार कशी? आणि नोंद नाही म्हणून धोका नाही, असे थोडेच आहे?

डबी घट्ट लावून उंच ठेवा. पोराने मिश्री खाल्लीच, तर उलटी काढत बसू नका; तडक दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा मोफत फोन १८०० ११६ ११७ भिंतीवर लिहून ठेवा. पोराचा जीव वाचेल आणि आपले दुखणे आकड्यातही येईल.