युकुलेलीचे मोल : शब्द आणि लाकूड

युकुलेली हे चार तारांचे लहानसे वाद्य आज दोन अगदी भिन्न किमतींना मिळते. यंत्रावर केलेली साधी युकुलेली पन्नास-साठ अमेरिकन डॉलरांत घेता येते. होनोलुलूतील नामांकित कारखान्यात अखंड कोआ लाकडापासून केलेल्या युकुलेलीला मात्र हजार डॉलरांहून अधिक द्यावे लागतात, आणि हा आकडा वर्षानुवर्षे चढत आहे. दोन्ही वस्तूंचे नाव एकच असताना मोलात हे अंतर का पडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता हा प्रश्न व्यापाराचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा काही भाग शब्दाच्या इतिहासात सापडतो, आणि उरलेला अरण्याच्या.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूस पोहोचले. त्यात मान्युएल नुनेस, ऑगस्तो दियास व जुझे दो एस्पिरितू सांतू हे तीन सुतार होते. मदेरात ‘मशेत’ नावाचे लहान तंतुवाद्य प्रचारात होते. या कारागिरांनी १८८०च्या दशकात त्याच धर्तीची वाद्ये हवाईतील कोआ लाकडात घडविण्यास आरंभ केला. राजा कलाकाउआ याने त्यांना आश्रय दिला, आणि परके वाद्य अल्पावधीतच हवाईचे झाले. नावही तेथलेच मिळाले. ‘उकू’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी मारणे, अशी त्याची रूढ व्युत्पत्ती आहे. राणी लिलिउओकलानी हिने मात्र ‘येथे आलेली देणगी’ असा अर्थ सांगितला होता. मूळ शब्दाच्या आरंभी कंठद्वारीय स्पर्श आहे. इंग्रजीत तो लोपून तेथे ‘यु’ आला, आणि मराठीने इंग्रजी उच्चारच स्वीकारला.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईचे संगीत गाजले आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युकुलेलीला मोठी मागणी आली. तेथील कारखाने आपल्या मालावर ‘हवाईत बनविलेले’ अशी अक्षरे उमटवू लागले, तेव्हा होनोलुलूच्या व्यावसायिकांनी अस्सल मालासाठी ‘टाबू’ हा शब्द असलेला शिक्का काढला. ‘टाबू’ म्हणजे निषिद्ध. हवाई भाषेतील त्याचे प्रचलित रूप ‘कापू’. परंतु शिक्क्याने शब्दाचा प्रसार थांबत नाही. १९४९ मध्ये मारिओ माक्काफेर्री याने प्लास्टिकची युकुलेली बाजारात आणली आणि ती लाखोंनी खपली. तिलाही लोक युकुलेलीच म्हणत.

भाषाशास्त्रात या प्रक्रियेस अर्थविस्तार म्हणतात. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेले. पुढे सरसू, शेंगदाणा, खोबरे या साऱ्यांतून निघाले ते तेलच ठरले, आणि मूळ अर्थ सांगण्यासाठी ‘तिळाचे तेल’ अशी पुनरुक्ती करावी लागली. त्याच न्यायाने आज ‘अखंड लाकडाची’, ‘हवाईची’, ‘कोआची’ अशी विशेषणे युकुलेलीला जोडावी लागतात. शब्द स्थळापासून सुटला. पण या विशेषणांनी दर्शविलेली वस्तू सुटली नाही.

ती का सुटली नाही, हे लाकडाकडे पाहिल्यास कळते. वाद्याचा स्वर मुख्यतः त्याच्या तबलीवर अवलंबून असतो. युकुलेलीच्या तारांचा ताण थोडा, पोकळी लहान. म्हणून तबली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची आणि हलकी असावी लागते. थरावर थर चिकटवून केलेली फळी स्वस्त व टिकाऊ असते, हवेतील दमटपणाने ती सहसा तडकत नाही. परंतु अखंड फळीसारखी ती मोकळेपणी कंप पावत नाही. अखंड फळी काही वर्षे सुकवावी लागते, आणि प्रत्येक तुकड्याचा गुण वेगळा असल्याने हाताने जोखून तासावी लागते. या वेळेची व कौशल्याची मजुरी यंत्राने फारशी घटविता येत नाही.

कोआ हा वृक्ष निसर्गतः केवळ हवाई बेटांवरच आढळतो. आपल्या रस्त्यांच्या कडेने लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्याच प्रजातीतील तो एक. १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हरने राजा कामेहामेहा यास गुरे भेट दिली, आणि ती वाढावीत म्हणून राजाने त्यांच्या हत्येवर ‘कापू’ घातला. मोकाट सुटलेल्या कळपांनी कोआची कोवळी रोपे खाल्ली. पुढे एकोणिसाव्या शतकात कुरणांसाठी रानेच्या राने तोडली गेली. त्यात कोआचे झाड सुकवून मारणाऱ्या बुरशीजन्य रोगाची भर पडली. आज वाद्यांना लागणारे लाकूड बहुधा मेलेल्या वा कोसळलेल्या जुन्या वृक्षांपासून मिळते. गाभ्याचे लाकूड पक्व होण्यास अनेक दशके लागत असल्यामुळे, मागणी वाढली म्हणून पुरवठा लगेच वाढविता येत नाही. दांडीवरील पट्टीसाठी वापरल्या जाणाऱ्या शिसवीचीही कथा निराळी नाही. सह्याद्रीत आढळणाऱ्या शिसवीसह त्या प्रजातीतील सर्व लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ अखेर सूट मिळाली, कच्च्या लाकडास नाही.

यावरून चढत्या किमतीचा उलगडा होतो. लोकप्रियतेने मागणी वाढते हे खरे. परंतु स्वस्त युकुलेलीची मागणी त्याहून अधिक वाढूनही ती स्वस्तच राहिली आहे. महागले आहे ते जुने अरण्य आणि हातांचा वेळ. किंमत वाढली म्हणून कारागिराला लोभी ठरविणे, किंवा सारा दोष फॅशनला देणे, हे दोन्ही निष्कर्ष अपुरे होत.

यातील खंत अशी, की मळ्यातील मजुरांसोबत आलेले हे वाद्य, त्याच्या उत्तम रूपात, आज मजुरी करणाऱ्याच्या आवाक्यात उरलेले नाही. उपाय आहे, पण तो सावकाशीचा. कोआचे बीज मातीत पुष्कळ वर्षे जिवंत राहते. गुरे कुंपणाबाहेर ठेवून जमीन उकरली की ते पुन्हा रुजते. काही वाद्यनिर्मात्यांनी अशा लागवडीत भाग घेतला आहे. तिचे लाकूड त्यांच्या नातवंडांच्या पिढीस उपयोगी पडेल. तोवर ही किंमत फारशी उतरण्याचा संभव नाही.