धंद्यासाठी जुनी ओम्नी घेताय? आधी वॉटर पंप बघा

मारुतीची ओम्नी 2019 पासून नवीन बनत नाही. म्हणजे जी मिळेल ती वापरलेलीच. सौद्याआधी थंड इंजिन बंद ठेवून पंपाची पुली हलवून बघा. ढिली लागली, किंवा पंपाखाली कूलंटचे डाग दिसले, तर पंप बदलायला आलाय. तो खर्च गाडीच्या भावातून कमी करून घ्या.

नवीन पंप घेताना जुना सोबत न्या, बोल्टची भोकं जुळवा. पॅकिंग नवंच टाका, बेल्टही तपासून घ्या. बोअरचं पाणी भरू नका, क्षार साचतात, कूलंटच घाला.

नांदेड-लातूर रस्त्यावर मे महिन्यात इंजिन तापलं तर हेडचं काम निघतं. पंपाचे पैसे वाचवायला जाल आणि ऐन सीझनमध्ये डिलिव्हरी बंद पडेल. गिऱ्हाईक थांबत नाही!