विश्रांतीचा खर्च : आकडा किती खरा?

गादीवर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या देहाचाही खर्च चालूच असतो. हृदय, मेंदू, यकृत अहोरात्र ऊर्जा वापरतात. हा खर्च मोजायचा तर उपाशीपोटी, निश्चल पडलेल्या व्यक्तीने श्वासावाटे किती प्राणवायू वापरला हे पाहावे लागते. एरवी भिस्त सूत्रांवर असते.

हॅरिस व बेनेडिक्ट यांनी 1919 मध्ये अमेरिकेतील 239 व्यक्तींच्या मोजणीवरून असे सूत्र मांडले. 1990 चे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र अधिक विश्वसनीय मानले जाते. त्यानुसार 70 किलो वजन, 165 सेंटिमीटर उंची व 50 वर्षे वय असलेल्या पुरुषाचा रोजचा विश्रांतिव्यय सुमारे 1,486 कॅलरी येतो. मात्र ते वजन स्नायूंचे की चरबीचे, हे सूत्राला कळत नाही. स्नायू चरबीहून अधिक ऊर्जा वापरतात. भारतीय देहात तेवढ्याच वजनात चरबी बहुधा जास्त असते. म्हणून पाश्चात्त्य मोजणीवरचे सूत्र आपला खर्च फुगवून दाखवू शकते. दहा टक्क्यांची तफावत म्हणजे रोजचे जवळपास दोन फुलके!

तेव्हा हा आकडा कच्ची नोंद समजावा. पक्का हिशेब काही आठवड्यांत वजन व कंबर कशी बदलते, त्यावरूनच जुळतो. मधुमेही व वृद्धांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून केवळ आकड्यावर आहार घटवू नये.