श्रमदानातून जलसंधारण : पाण्याचा ताळेबंद आणि वाटपाचे नियम

श्रमदानातून समतल चर खणणे, बांधबंदिस्ती करणे, ओढ्यावर दगडी बांध घालणे ही कामे अनेक गावांत होतात. चांगला पाऊस झाला की विहिरींना पाणी येते. मात्र पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी उपसायचे हे ठरलेले नसेल, तर काही वर्षांतच उन्हाळ्यात पुन्हा टँकर मागवावा लागतो. बांधावर सर्वांनी घाम गाळलेला असतो, पण जमिनीत मुरलेले पाणी ज्याची बोअर खोल त्याला मिळते. भूमिहीन कुटुंबाच्या वाट्याला तर काहीच येत नाही. म्हणून श्रमदानाबरोबरच पाण्याचा ताळेबंद मांडणे आणि वाटपाचे नियम ठरवणे आवश्यक आहे.

पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय?

गावाच्या शिवारात पावसाने किती पाणी आले आणि वर्षभरात किती लागेल, याचा हिशेब म्हणजे पाण्याचा ताळेबंद. १ हेक्टर क्षेत्रावर १ मिमी पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी जमा होते. यावरून पुढील हिशेब करता येतो.

उदाहरणासाठी ५०० हेक्टर क्षेत्र, १,५०० लोकसंख्या आणि ६०० मोठी जनावरे असलेले गाव घेऊ.

- जमा : ५०० मिमी पाऊस झाल्यास शिवारात एकूण २५० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील बरेचसे वाहून जाते किंवा त्याची वाफ होते. दहावा भाग मुरला असे धरल्यास २५ कोटी लिटर उरते.
- घरगुती वापर : माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर.
- जनावरे : प्रत्येकी रोज ५० लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे १.१ कोटी लिटर.
- शेतीसाठी शिल्लक : सुमारे २१ कोटी लिटर.

उसाला हेक्टरी साधारण २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे जेमतेम १० हेक्टर उसात ही सर्व शिल्लक संपते. हरभऱ्याला हेक्टरी साधारण ३० लाख लिटर पाणी धरल्यास तेवढ्याच पाण्यावर सुमारे ७० हेक्टर पीक निघू शकते. दीड हेक्टर ऊस संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके पाणी घेतो. प्रत्यक्ष आकडे जमीन, खडक आणि हवामानानुसार बदलतात, त्यामुळे स्थानिक माहिती वापरावी.

वाटपाचे नियम : तीन अनुभव

सुखोमाजरी (हरियाणा) : चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता. पाणलोटातील या गावाने १९७० च्या दशकात टेकड्यांवरील मोकाट चराई थांबवली. गावाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यातील पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, समान हिस्सा देण्याचे ठरले. त्यामुळे टेकडी राखण्यात प्रत्येक घराचे हित निर्माण झाले.

पाणी पंचायत (पुरंदर तालुका, जि. पुणे) : विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या या उपक्रमात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार दिले गेले. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. ऊस घेण्यास मनाई होती.

आंध्र प्रदेश : शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्पात सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील स्वयंसेवक शेतकऱ्यांनी पर्जन्यमान आणि विहिरींची पातळी स्वतः मोजली. रब्बीपूर्वी हा हिशेब गावापुढे मांडला जाई. पिके निवडण्याचा निर्णय शेतकऱ्यांचाच असे.

गावाने काय करावे?

१. श्रमदान सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत वाटपाचे नियम ठरवावेत. पाणी आल्यावर एकमत होणे अवघड जाते.
२. पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद घ्यावी. या कामासाठी दोन स्वयंसेवक नेमावेत, म्हणजे नोंदीत खंड पडणार नाही.
३. गावाच्या वेगवेगळ्या भागांतील काही विहिरी निवडून त्यांची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजावी.
४. पावसाळा संपल्यावर, रब्बीच्या पेरणीपूर्वी, ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि चावडीवर फलकावर लिहावा.
५. पिण्याचे पाणी व जनावरे यांचा वाटा आधी राखून ठेवावा. उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावीत.
६. नवीन बोअर आणि जास्त पाण्याची पिके याबाबत ठराव करावा.
७. भूमिहीन कुटुंबांचा लाभ ठरावात स्पष्ट लिहावा. उदा. पाण्याचा हिस्सा, राखीव कुरणातील चारा किंवा तलावातील मासेमारीचा हक्क.

शासकीय आधार

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, जल व्यवस्थापन आणि पाणलोट विकास हे पंचायतींकडे सोपवता येणारे विषय आहेत. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्र, गुजरात, हरियाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी लोकसहभागातून पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडे करावेत, अशी रचना होती. योजनेत नसलेल्या गावालाही ही पद्धत वापरता येते. तांत्रिक मार्गदर्शनासाठी महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाशी, तर इतर राज्यांत तेथील भूजल विभागाशी ग्रामपंचायतीमार्फत संपर्क साधावा.