एकच इंजिन, दोन गाड्या

नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना 1994) सगळे पॅटन, सेंच्युरियनपाशी फोटो काढतात. मी मात्र रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपाशी रेंगाळतो. आत मुळात 'सिल्व्हर घोस्ट' आहे, राजेरजवाड्यांची लाडकी गाडी!

आता गंमत बघा. दोन्हींचं इंजिन तेच, सहा सिलिंडर, 7,428 सीसी. 1911 मध्ये साध्या सिल्व्हर घोस्टनं लंडन ते एडिनबरा अंतर सबंध टॉप गिअरवर कापलं. सरासरी लिटरला साडेआठ किलोमीटरच्या आसपास! मग ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 125 किलोमीटर गाठले.

1914 पासून याच चासीवर पोलाद चढलं. वजन साडेचार टनांच्या पुढे, वर फिरता बुरूज, त्यात व्हिकर्स मशीनगन. म्हणून स्प्रिंगा दणकट केल्या, मागे जोडचाकं घातली. तरी वेग ताशी सत्तरच्या घरात! एवढं ओझं घेऊन, तेही त्या काळात. लॉरेन्स ऑफ अरेबियानं वाळवंटात याच गाड्या पळवल्या.

वेगात साधी गाडी सरस, कबूल. माझं मत मात्र चिलखतीला. जाल तेव्हा मागची जोडचाकं जरूर वाकून बघा.