हात थकण्याआधी कागद बघा



नोकरदाराला निवृत्तीची तारीख ठरलेली असते. शेतमजूर बाईला कोणी तारीख देत नाही, तिला काम सांगायचं हळूहळू बंद होतं. पूर्वी खुरपणी-निंदणीला साठीच्या आजीही चालायच्या. आता तणनाशक आलं आणि खुरपणीचे दिवस घटले. सोयाबीनची कापणी बऱ्याच ठिकाणी उक्ती दिली जाते. उक्त्यात हात भराभर चालावा लागतो, म्हणून टोळीत तरण्या बाया घेतात. गहू काढायला तर हार्वेस्टरच येतो. काम असं साठीच्या आधीच सुटतं, पण श्रावणबाळ योजनेचा पगार मिळतो ६५ पूर्ण झाल्यावर. मधली वर्षं कशी काढायची, हा खरा प्रश्न आहे.

यासाठी तीन गोष्टी आजच करा.

१) आधारवरचं वय तपासा. आपल्या कितीतरी आयांचं वय अंदाजाने लिहिलेलं आहे. ते पाच वर्षांनी कमी लागलं असेल, तर पगारही पाच वर्षं उशिरा सुरू होतो. शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद शोधा आणि आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या. जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, म्हणून नीट तपासूनच अर्ज द्या.

२) श्रावणबाळची तयारी ठेवा. महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत लागतं. वयाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, आधार, बँक पासबुक जमवा. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. पगार सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नका.

३) सुना-लेकींनी अटल पेन्शनमध्ये नाव घालावं. वय १८ ते ४० लागतं, आयकर भरणाऱ्यांना यात येता येत नाही. साठीनंतर महिना १००० रुपये हवे असतील, तर १८ व्या वर्षी महिना ४२ रुपये, ३० व्या वर्षी ११६ आणि ४० व्या वर्षी २९१ रुपये भरावे लागतात. जितका उशीर, तितका हप्ता जड. फॉर्म बँकेत मिळतो, बँक सखीला विचारा.

आणि एक विनंती. मजुरी सुटली म्हणून जुन्या ताईंची बचत थकली, तर लगेच त्यांचं नाव कमी करू नका. बऱ्याच गटांचा पहिला रुपया त्यांनीच टाकलाय. शेळी, कोंबड्या, डाळ-पापड अशा झेपेल त्या कामाला अंतर्गत कर्ज देता येईल का, ते पुढच्या बैठकीत ठरवा. त्याच बैठकीत सगळ्यांनी आधार कार्ड सोबत आणा.