दिल्ली उन्हाळ्यात पाहता येते, पण दिल्लीच्या घड्याळाने

परीक्षा जवळ आल्या की महाराष्ट्रातल्या घराघरांत मे महिन्याच्या सहलीचा विषय निघतो आणि त्यात दिल्लीचं नाव हटकून येतं. मुलांनी लाल किल्ला पुस्तकात पाहिलेला असतो, आजी-आजोबांना एकदा देशाची राजधानी डोळ्यांनी बघायची असते आणि सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच. मग नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. त्यातले काही ऐकीव असतात, काही जुने झालेले असतात, आणि एक-दोन तर जिवावर बेतू शकतात. मेमधली दिल्ली टाळलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण तिथे दिवस कसा घालवायचा, हे तिथल्या उन्हाला ठरवू द्यावं लागतं.

‘ऊन काय, आपल्याकडेही असतंच!’

हे वाक्य चंद्रपूर-नागपूरच्या माणसाने म्हटलं तर त्यात तथ्य आहे. पंचेचाळीस अंश म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं. मुंबई, कोकण, गोवा किंवा पुण्याच्या माणसाला मात्र हा अंदाज हमखास चकवतो. मुंबईत मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो, पण हवा दमट असल्याने घाम अंगावर साचतो, चिकचिक होते, जीव कासावीस होतो. दिल्लीत पारा चाळीस ते चव्वेचाळीस असतो आणि हवा कोरडी. दुपारी राजस्थानच्या बाजूने ‘लू’ वाहते. त्या वाऱ्यात घाम येता येताच वाळतो, कातडी कोरडी राहते आणि माणसाला वाटतं, ‘मला तर घामच येत नाही, त्रास काहीच नाही.’ प्रत्यक्षात शरीरातलं पाणी आणि क्षार भराभर कमी होत असतात. संध्याकाळी डोकं ठणकू लागतं, पायांत गोळे येतात, मूल चिडचिड करू लागतं, तेव्हा कुठे ते कळतं.

म्हणून दिल्लीत तहानेची वाट पाहायची नाही. ठरावीक वेळाने घोटघोट पाणी प्यायचं आणि नुसत्या पाण्यावर न थांबता ओआरएस, मीठ-साखरेचं लिंबू सरबत, कैरीचं पन्हं यांतलं काहीतरी पोटात जाऊ द्यायचं. तिथलं बेलाचं सरबत उत्तम, फक्त गाडीवरच्या उघड्या बर्फापासून लांब राहा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

‘खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात आहे, तशी उत्तरेतही आहे. खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. कांदा जेवणात खा, डोक्यावर ओला पंचा किंवा टोपी ठेवा. पंचा ओला हवा, कारण कोरड्या हवेत पाणी वेगाने उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. याच कारणाने वाळ्याचा कूलर दिल्लीच्या मे महिन्यात छान चालतो आणि मुंबईत कुचकामी ठरतो. जूनच्या शेवटी दिल्लीत पाऊस आला की तिथेही त्याची मात्रा चालत नाही.

आणि ही गोष्ट सहलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलीच पाहिजे: एखादा असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून लाल झालं, तर तो थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 112 ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

‘दिल्लीत त्रेपन्न अंश तापमान असतं’

ही दुसऱ्या टोकाची भीती. 29 मे 2024 रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली आणि ती बातमी देशभर पसरली. नंतर हवामान खात्याने तपासणी करून सांगितलं, की तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच दिवशी सफदरजंग या मुख्य केंद्रावर 46.8 अंश नोंदले गेले. हा आकडाही भयंकरच आहे, पण दिल्लीचा प्रत्येक दिवस तसा नसतो. एप्रिल ते जूनमध्ये अधूनमधून धुळीचं वादळ किंवा गडगडाटी पाऊस येतो आणि पारा एकदम खाली उतरतो. आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा अंदाज पाहत राहा. लाल इशारा असेल त्या दिवशी दुपारी खोलीबाहेर पडू नका, मग तिकिटं वाया गेली तरी चालतील.

‘दिवसा तापतं, पण रात्री गार होतं’ हेही पूर्ण खरं नाही. उष्णतेची लाट असताना शहरातलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. 19 जून 2024 ला सफदरजंगचं किमान तापमान 35.2 अंश होतं. किमान! त्यामुळे मुक्कामाच्या खोलीत काटकसर करू नका. चांगली हवेशीर, थंड खोली ही उन्हाळी सहलीत चैन नाही, दुसऱ्या दिवसाची ताकद तिथे मिळते.

‘नाश्ता करून दहाला निघू, संध्याकाळी परत’

सगळ्यात मोठी चूक हीच. दिल्ली मुंबईपेक्षा बरीच उत्तरेला असल्याने जूनमध्ये तिथला दिवस मोठा असतो. मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, दिल्लीत तो साडेपाचच्या आधीच वर आलेला असतो. मावळतो मात्र जवळपास त्याच वेळी, सव्वासातला. म्हणजे सकाळचा अर्ध्या तासाहून जास्त वेळ दिल्ली तुम्हाला वरकड देते आणि तोच तिथला सगळ्यात सुंदर वेळ असतो.

सहाला लोधी गार्डनमध्ये पोहोचा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या मकबऱ्यांभोवती दिल्लीकर फेऱ्या मारत असतात, पक्ष्यांचा कलकलाट असतो. हुमायूनचा मकबरा सूर्योदयालाच उघडतो आणि कोवळ्या उन्हात त्याचा लाल दगड जसा दिसतो, तसा भर दुपारी दिसत नाही. शेजारची सुंदर नर्सरी जोडीला घ्या. दहाच्या आत मुक्कामी परता किंवा छताखाली शिरा. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तिका आहे, अवघ्या साडेदहा सेंटिमीटरची. मुलांना ती केवढी आहे हे प्रत्यक्ष पाहू द्या, पुस्तकातल्या चित्रावरून कुणालाच अंदाज येत नाही. तीनमूर्ती आवारातल्या पंतप्रधान संग्रहालयात अर्धा दिवस सहज जातो. हुमायूनच्या मकबऱ्याजवळ 2024 मध्ये खुलं झालेलं संग्रहालय तर जमिनीखालीच आहे. मग जेवण, झोप, आणि पुन्हा बाहेर पडायचं ते साडेपाचनंतर. 2019 मध्ये पुरातत्त्व खात्याने हुमायून आणि सफदरजंगच्या मकबऱ्यांसह काही वास्तूंची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवली. तिकीट काढताना त्या दिवसाची वेळ तेवढी पाहून घ्या.

लाल किल्ल्याची अडचण अशी, की तो सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतो. म्हणून उघडल्या उघडल्या आत जायचं आणि तासा-दीड तासात बाहेर पडायचं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांचं ऑनलाइन काढलं की खिडकीसमोर उन्हात उभं राहायला नको.

‘सोमवारी गर्दी कमी असते’

कमी असते, कारण दारं बंद असतात. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल ही सगळी ठिकाणं सोमवारी बंद. शनिवार-रविवार प्रवासात घालवून सोमवारी दिल्लीत उतरणारी कुटुंबं इथेच फसतात. सोमवार आलाच तर कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, गुरुद्वारा बंगला साहिब आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक त्या दिवसासाठी राखून ठेवा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो.

ताजचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ‘दोन दिवसांत दिल्ली आणि तिसऱ्या दिवशी आग्रा-मथुरा’ हा बेत हिवाळ्यात जमू शकतो, मेमध्ये नाही. आग्रा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. बसने निघून तिथे पोहोचेपर्यंत दुपार होते आणि भर दुपारी संगमरवराच्या झगमगाटात डोळे उघडवत नाहीत. आग्र्याला जायचं तर तिथे एक रात्र राहा आणि ताज सूर्योदयाला बघा. मथुरेचा मोह सोडून द्या.

आजोबांच्या आठवणीतली दिल्ली

काही गैरसमज प्रेमळ असतात. ‘आम्ही कुतुबमिनारच्या वर गेलो होतो’ असं आजोबा सांगतात, ते खोटं नसतं. पण डिसेंबर 1981 मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन अनेक जण दगावले, त्यात शाळकरी मुलंही होती. तेव्हापासून जिना बंद आहे. शेजारच्या लोहस्तंभाला पाठमोरं मिठी मारण्याचा खेळही आता नाही, 1997 पासून त्याभोवती कुंपण आहे.

इंडिया गेटच्या कमानीखालची अमर जवान ज्योतही तिथे दिसणार नाही. 21 जानेवारी 2022 रोजी ती शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली. हे स्मारक 2019 मध्ये खुलं झालं, प्रवेश मोफत आहे, आणि माझ्या मते उन्हाळी दिल्लीतली सगळ्यात चांगली संध्याकाळ तिथेच जाते. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. ती घाईने ओलांडू नका, मुलांना वाचायला लावा. परमवीरचक्र विजेत्यांच्या अर्धपुतळ्यांमध्ये मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आहेत.

राष्ट्रपती भवनाची ती फुलांनी भरलेली बाग, म्हणजे अमृत उद्यान, मेमध्ये पाहायला मिळत नाही. तिचा बहर फेब्रुवारी-मार्चचा. भवनाची वास्तू मात्र आधी ऑनलाइन नोंदणी करून पाहता येते.

‘दिल्लीत आपलं असं काय आहे?’

लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघा. तिथलं चांदीचं छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवलं आणि सैन्याच्या पगारासाठी त्याची नाणी पाडली. पानिपताला काही महिनेच उरले होते. अकरा वर्षांनी, 1771 मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात तख्तावर परतला. 1737 च्या स्वारीत बाजीरावांचा तळ तालकटोऱ्याजवळ पडला होता. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांना हे त्या जागी उभं करून सांगितलं पाहिजे. गाइड सांगेलच असं नाही.

तिकीट, स्टेशन, मेट्रो

रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी उघडतं, ही माहिती जुनी झाली. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत साठ दिवसांची आहे. 1 मेच्या गाडीचं तिकीट 2 मार्चला सकाळी आठला उघडतं. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळ्या गाड्या नवी दिल्ली स्टेशनवर जातात असंही नाही. मुंबईहून सुटणाऱ्या राजधानींपैकी मुंबई सेंट्रलची एक नवी दिल्लीला जाते आणि सीएसएमटीची हजरत निजामुद्दीनला. गोवा एक्सप्रेसही निजामुद्दीनलाच संपते. हॉटेल त्याप्रमाणे निवडा.

मेट्रो वातानुकूलित आहे आणि उन्हाळ्यात तिच्यासारखा आधार नाही, पण ती प्रत्येक वास्तूच्या दारात सोडत नाही. लाल किल्ला आणि अक्षरधामची स्टेशनं जवळ आहेत. कुतुबमिनार नावाच्या स्टेशनपासून मिनार मात्र किलोमीटरभराहून लांब आहे. तिथे चालत निघू नका, रिक्षा करा.

राहता राहिला ‘मग दिवाळीच्या सुट्टीतच जाऊ’ हा पर्याय. दिवाळीनंतरच्या दिवसांत दिल्लीची हवा वर्षातली सर्वांत विषारी असते, दम्याच्या माणसाला ती उन्हाइतकीच घातक. घरात सत्तरी ओलांडलेलं किंवा हृदयविकाराचं कुणी असेल, तर मुलांच्या सुट्टीत त्यांची फरफट करू नका. त्यांना फेब्रुवारीच्या शेवटी वेगळं घेऊन जा; तेव्हा ऊन सोसवतं आणि अमृत उद्यानही खुलं असतं.